साकव सुटला तो पावसाळा

आमचं भाताचं मोठं खाचर ओढ्याच्या पलीकडे होतं आणि विठूनानांचं खाचर आमच्या दारात. विठूनाना राहायचे पलीकडच्या वाडीत. त्यांच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की चार पावलांवर आमचा बांध लागायचा. म्हणजे रोज सकाळी आम्ही ओढा ओलांडून त्यांच्या दारात राबायला जायचो आणि ते ओढा ओलांडून आमच्या दारात राबायला यायचे. संध्याकाळी दोन्हीकडची माणसं दमून पुन्हा आपापल्या काठाला परत. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, तुम्ही सगळे वेडे होता का?" वेडे नव्हतो. आमच्या आजोबांच्याही आधी कधीतरी वाटण्या झाल्या, चिठ्ठ्या टाकल्या, ज्याच्या चिठ्ठीत जे आलं ते त्याचं झालं. पुढच्या माणसांनी ते बदलायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वाडवडलांनी दिलेल्या जागेवर राबायचं, मग ती कुठं का असेना. एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं गाव हिर्डोशीच्याही वर, वरंधा घाटाच्या अंगाला. भोर आमच्यासाठी दूरचं. मीठ, कापड आणि कचेरीचं काम असलं तरच तिकडं जायचं, आणि तेही चालत. तेव्हा संस्थानचं राज्य होतं, पण आमच्या वाडीपर्यंत राज्य फारसं चढून यायचं नाही; पाऊस मात्र यायचा. ज्येष्ठात ओढा बोलायला लागला की दिवाळीपर्यंत त्याची बडबड घरात ऐकू यायची. चुलीपाशी बसलेल्याला ओटीवरच्या माणसाशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. पुढं सासरी मला सगळे म्हणायचे की ही भांडल्यासारखी बोलते. मी भांडत नव्हते, ओढ्याकाठी वाढले होते. घरात आम्ही चौघं. दादा, म्हणजे माझे वडील, दिवसाकाठी दहा शब्द बोलणारे. आई वेल्ह्याकडची, डोंगर ओलांडून सून होऊन आलेली, दिसायला नाजूक आणि कामाला चिवट. दादांची थोरली बहीण गंगूआत्या, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली आणि तेव्हापासून घरावर राज्य करणारी. आणि मी, चंद्रा. दोन भावंडं माझ्या आधी झाली होती, ती राहिली नाहीत. त्यामुळं शेतातलं निम्मं काम माझ्यावर होतं आणि मला त्याचा अभिमानही होता.

ओढ्यावर साकव होता. साकव म्हणजे काय, तर ऐनाचे दोन ओंडके शेजारी शेजारी टाकलेले, वेलींनी करकचून बांधलेले, धरायला काही नाही. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरायचं. उन्हाळ्यात शेणखताच्या पाट्या कोरड्या पात्रातून न्यायच्या, त्याचं काही वाटत नसे. पण लावणीच्या दिवसांत राबातून, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यातून, उपटलेल्या रोपांच्या भिजलेल्या जुड्या डोक्यावर घेऊन त्या ओंडक्यांवरून जायचं म्हणजे जीव मुठीत धरायला लागायचा. बैल साकवावरून जात नसत. त्यांना खालच्या उतारानं अर्धा कोस वळसा घालून न्यायचं, आणि पाणी चढलेलं असलं तर ते ओसरेपर्यंत बैलांनी आणि दादांनी नुसतं काठावर उभं राहायचं. असे कितीतरी दिवस वाया जायचे. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की रानडुकरं यायची. आमच्या भातात डुकरं शिरली की ती विठूनानांना अंथरुणातून ऐकू यायची आणि त्यांच्या भातात शिरली की आम्हाला. मग ते तिकडून हाका मारणार, आम्ही इकडून. हाक पोचेपर्यंत डुकरांचं जेवण झालेलं असायचं.

तरीही कुणी काही बोललं नसतं. बोलायला कारण झाली आई. मी सांगते आहे त्याच्या आदल्या पावसाळ्यात आई जुड्यांचा भारा घेऊन साकवावरून जाताना घसरली. मी तिच्या मागं होते. पुढं आईचं पानांचं इरलं दिसत होतं आणि पुढच्याच क्षणाला ते दिसेनासं झालं. आवाज काही आला नाही, ओढ्याच्या आवाजात कुणाचाच आवाज येत नाही. खाली काठाच्या जांभळीची मुळं पाण्यात लोंबत होती, त्यात तिचा डावा हात अडकला म्हणून ती राहिली. दादांनी उडी टाकून तिला काढलं. हात कोपरात मोडला होता. वाडीतल्या जाणत्यानं तो बांबूच्या कामट्या लावून बांधला, पण बसला तो वाकडाच. पुढं जन्मभर आईचा डावा हात सरळ झाला नाही. आणि त्याहून मोठं म्हणजे ती पाण्याला भ्यायला लागली. साकवावर पाऊल ठेवलं की तिच्या गुडघ्यांना कापरं भरायचं. त्या वर्षीची बेणणी, म्हणजे तण काढणं, आणि कापणी, सगळ्याला ती साकवावरून गेली, कारण न जाऊन कसं चालणार. मी रोज तिच्या मागून जायची आणि तिच्या टाचांकडं बघत राहायची. अजूनही कधीकधी स्वप्नात मला त्या टाचा दिसतात.

दादांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. शिमगा झाल्यावर एका सकाळी ते विठूनानांकडं गेले आणि दुपारी परत येऊन ओटीवर बसत म्हणाले, "आक्का, खाचराची अदलाबदल करायची म्हंतोय. त्येंचं हितलं आपल्याला, आपलं पल्याडचं त्येनला."

आत्या तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "आपलं केवडं, त्येंचं केवडं? डोळं फुटलं का तुजं? त्येंच्या निम्म्यात खडक हाय."

"निम्म्यात न्हाई. कोपऱ्यात हाय."

"आपल्या बापानं पाटी पाटी माती वाहून बांद घातलेत तितं. पानी ठरतं ते उगा ठरतं व्हय?"

हे खरं होतं. आमचं खाचर मोठं होतं, खोल मातीचं होतं, पाऊस आठ दिवस थांबला तरी त्यात पाणी असायचं. विठूनानांचं त्याच्यापेक्षा चांगलं चार आणे कमी भरेल, वर कोपऱ्यात तो काळा खडक. दादा वरचं काही मागत नव्हते. आत्या तीन दिवस बडबडली. तिचंही बरोबरच होतं असं आता मला वाटतं. नवरा गेलेल्या बाईला आपलं म्हणावं असं काय असतं? बापाच्या हातचे बांध होते, तेवढेच तिचे होते. तिसऱ्या दिवशी दादा जेवता जेवता म्हणाले, "साकव आता नगं, आक्का." एवढंच. आईनं मान खाली घातली आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली. आत्या उठून बाहेर गेली आणि त्यानंतर तिनं विषय काढला नाही. पण तिला पटलं नव्हतं, हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

चैत्रात भैरोबाच्या देवळात दादांनी आणि विठूनानांनी बेलभंडारा उचलून अदलाबदलीची शपथ घेतली. दोन्ही खाचरांतली एकेक ढेकूळ आणून देवापुढं ठेवलं होतं, ते एकमेकांच्या पदरात घातलं. कागद दिवाळीनंतर करू म्हणाले. पावसाच्या तोंडावर भोरला जाऊन कचेरीत बसायला कुणाला सवड होती. विठूनाना दादांच्या उलट, बोलघेवडे. देवळातून उतरताना ते आईला म्हणाले, "वैनी, आता निवांत दारात बसून शेती करा." आई हसली नाही. तिला अजून भरवसा नव्हता. मला होता. मला इतका आनंद झाला होता की मी नव्या खाचरातला तो खडकसुद्धा जाऊन धुऊन आले.

आषाढात लावणी आली. आमच्याकडं लावणी इर्जिकीनं व्हायची. आज माझ्याकडं बायका येणार, उद्या मी त्यांच्याकडं जाणार, मजुरीचा प्रश्न नाही. फक्त ज्याच्या शेतात काम, त्यानं सगळ्यांना पोटभर आणि चांगलं जेवू घालायचं. चिखलणी दादांनी आणि विठूनानांनी मिळून केली, दोघांच्या बैलजोड्या पाठोपाठ लावून, आधी इकडचं खाचर, मग वळसा घालून तिकडचं. दोन्ही खाचरं लोण्यासारखी झाली होती. लावणीच्या दिवशी पहाटेच दोघं बैल घेऊन विठूनानांच्या वरच्या पट्ट्यात गेले, तिथली चिखलणी उरली होती. म्हणजे खाली आम्ही नुसत्या बायका. आईनं जेवण करायचं ठरलं, कारण हातानं रोपं धरता येत असली तरी दिवसभर वाकून लावायचं तर तो हात ठणकायचा. आदल्या दिवशी मी ओढ्याकाठच्या बिळांतून डझनभर खेकडे धरून आणले होते, चांगले हाताएवढे. त्यांचं कालवण, नाचणीच्या भाकरी, भारंगीची भाजी, असा बेत होता. सकाळी घरातून निघताना खेकडे कुटायचा आवाज येत होता आणि मी दुपारच्या विचारानंच खूश होते.

पाऊस असा की समोरचं माणूस दिसेना. डोक्यावर इरली, इरल्यांवर जुड्या. इरल्याखालून दिसतात ती फक्त पुढच्या बाईची पावलं. पुढं आत्या, मागं मी, माझ्या मागं इर्जिकीला आलेल्या चौघी. आम्ही साकवावर आलो. समोरून विठूनानांच्या बायकोची, सईकाकूंची रांग येत होती, त्यांच्याही डोक्यावर भारे. रीत अशी होती की आधी आलेल्यांनी आधी जायचं. आम्ही आधी आलो होतो, म्हणून त्या थांबल्या. आत्या पलीकडं पोचल्यावर सईकाकू म्हणाल्या, "निगाला का, गंगूआक्का?"

"व्हय. तुमी?"

"आमी बी."

आणि त्या आमच्या काठाला गेल्या आणि आम्ही त्यांच्या. दरवर्षी लावणीच्या दिवशी आम्ही साकवावर असंच भेटायचो, असंच बोलायचो. भेट झाली म्हणजे सगळं ठीक चाललं आहे, असं वाटलं असणार. दोन रांगांत मिळून बारा-तेरा बायका होत्या आणि एकीच्याही मनात आलं नाही की आज आपण इथं भेटायला नको होतं. आणि मी, जिनं तो साकव सुटावा म्हणून भैरोबाला नवस केला होता, ती रोजच्यासारखी बोटं रोवून त्याच्यावरून गेले आणि पलीकडं पोचल्यावर रोजच्यासारखा सुस्कारा टाकला.

लावणीला लागल्यावर तर मान वर करायची सोयच नसते. मागं मागं सरकायचं, चिखलात रोपं रोवायची, आत्या गाणं म्हणायची त्याला धरायचं. आत्याचा गळा खणखणीत होता. त्या दिवशी ती कधी नव्हे ती खुशीत होती. आता मला कळतं की तिच्या पायांना बापाच्या बांधांचा स्पर्श झाला होता आणि तिच्या मनाला कशाची आठवण करून द्यायची गरज वाटली नव्हती. दुपारपर्यंत आमचं खाचर दोन वाफे सोडता संपत आलं. पाऊस थोडा उघडला. मी कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि ओढ्यापलीकडं बघितलं.

पलीकडच्या काठावर, आमच्या नव्या खाचराच्या बांधावर, आई उभी होती. डोक्यावर जेवणाची पाटी, हात पाटीला. तिच्यासमोर सईकाकूंची रांग चिखलात उभी होती आणि सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. खाचर हिरवं झालं होतं. आधी मला कळेना की सईकाकू आमच्या शेतात काय करत आहेत. मग मी खाली बघितलं, मी कुठं उभी आहे ते. हातातली जुडी सुटली. त्याच वेळी बांधावरून कुणीतरी खाकरलं. विठूनानांची आई, बयाआजी, काठी टेकत, सुनेच्या माणसांसाठी जेवणाची पाटी घेऊन आपल्या नव्या खाचरावर आली होती आणि तिथं आम्हाला बघून थांबली होती. गंमत बघा, बरोबर शेतावर आल्या होत्या त्या दोघीच. एकीचा हात वाकडा, दुसरीचे पाय थकलेले. ज्यांना साकव नको होता त्यांनाच तो सुटल्याचं लक्षात होतं.

मी ओरडले, "आत्ये, हे आपलं न्हाई." आत्यानं वर बघितलं, बयाआजीकडं, मग पलीकडं, मग चिखलातल्या आपल्या पायांकडं. तिचा चेहरा लाल झाला. पण आत्या चूक कबूल करणाऱ्यांतली नव्हती. तिनं पदर खोचला आणि ओढ्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जमीनच सोडंना आपल्याला. वडून आनलं तिनं. देवाच्या मनात न्हाई, दुसरं काय. आता लावलंय त्येनं कापावं. औंदा हाय तसं ऱ्हाऊ द्या, म्होरल्या साली बगू."

लावलेलं रोप उपटून पुन्हा लावता येत नाही, ते मान टाकतं. आणि राबात दुसरं रोप उरलेलं नव्हतं. तेव्हा तिचं बोलणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. पलीकडं सईकाकू आपण लावलेल्या रोपांकडं बघत होत्या. त्यांनी आमच्या खाचरात आंबेमोहोर लावला होता, त्यांच्या घरचं जपलेलं बियाणं. आमचा भात लाल, जाड, रोजच्या खाण्यातला. पीक जमिनीबरोबर गेलं तर त्यांचा सुगंधी भात आमच्या घरात येणार आणि आमचा जाडा त्यांच्या. आपला भात सोडायला कोण तयार होईल? मला स्पष्ट दिसलं की आता काय होणार. या वर्षी आहे तसं राहणार, कापणीला आई साकवावरून येणार, पुढच्या वर्षी आणखी काहीतरी निघणार, आणि देवापुढं ठेवलेल्या ढेकळांची माती होऊन जाणार. आणि साकवावरून रांग घेऊन येणाऱ्यांत दुसरी मी होते. मला माझाच भयंकर राग आला.

तेवढ्यात आई साकवाकडं चालायला लागली. तिच्या इर्जिकीच्या बायका पलीकडं उपाशी होत्या आणि त्यांना जेवू घालणं तिचं काम होतं. तिनं दुसरा विचारच केला नव्हता. डोक्यावर पाटी घेऊन ती आली आणि तिनं ओंडक्यावर एक पाय ठेवला. मी धावत सुटले. बांधावरून दोनदा पडले. साकवावर निम्म्यात पोचले आणि ओरडले, "आई, थांब, म्या येते."

आई माझ्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं मान वळवून मागं बघितलं, त्या हिरव्या झालेल्या खाचराकडं. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. आणि तिनं पाय मागं घेतला. ओंडक्यावर ठेवलेला पाय उचलून तिनं काठावर ठेवला, वळली, खाचराच्या बांधावर गेली, पाटी खाली ठेवली आणि फडकं सोडलं. खेकड्यांच्या कालवणाचा वास मला साकवावर आला.

"बसा, सईबाई," आई म्हणाली. "आमच्या शेतात राबलाय तुमी. आमची भाकर खावा."

सईकाकू चिखलाचे हात तसेच धरून उभ्या होत्या. त्या घासाचा अर्थ त्यांना कळत होता. जेवल्या की ते शेत आमचं आणि त्यांनी केली ती इर्जिक. मग त्यातला आंबेमोहोरही आमचा. त्यांनी माझ्यावरून पलीकडं, आपल्या सासूकडं बघितलं. मी मध्ये ओंडक्यावर उभी, खाली पाणी, दोन्ही काठ माझ्याकडं बघत असल्यासारखे.

बयाआजीनं काठी चिखलात रोवली. तिचा आवाज म्हातारा होता, पण त्या क्षणी सगळ्यांनी तो ऐकला. "बस की गं सई, जेव. काय बगतीस." मग ती आत्याकडं वळली. "गंगू, तू बी ये. बारा वर्सं झाली, माजं पाय साकव चडंनात. बारा वर्सांनी म्या माज्या शेतावं भाकर आनलीया. पाटी परत न्यायला लावू नगंस."

आत्यानं पदराचा खोचा सोडला, हात ओढ्यात धुतले आणि बयाआजीच्या पुढं जाऊन मुकाट बसली. तिच्यामागं बाकीच्या बसल्या. आईसमोर सईकाकू बसल्या. मी आईकडं जायला निघाले, तर आई तिथूनच म्हणाली, "तू तिकडं जा. तू त्येंच्यात राबलीस." माझे खेकडे, मी बिळात हात घालून, दोनदा चावून घेऊन धरलेले, ते सईकाकूंच्या बायकांनी माझ्या डोळ्यांदेखत चाखूनमाखून खाल्ले आणि मी बयाआजीचं हुलग्याचं पिठलं आणि भाकरी खाल्ली. पिठलं तिखट होतं आणि मला रडू येत होतं, तेव्हा कुणाला काही कळलं नाही. इतकं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं आहे.

तिसऱ्या प्रहरी दादा आणि विठूनाना बैल घेऊन उतरले तोवर दोन्ही खाचरं लावून झाली होती. विठूनानांनी सगळं ऐकलं आणि बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "दत्तू," ते दादांना म्हणाले, "बायकांनी आपल्याला न इचारता इर्जिक घातली, आन जेवनंबी उरकली." दादा हसले नाहीत. घरी आल्यावर इरली चुलीजवळ वाळत घातली, आम्ही शेकत बसलो, तेव्हा त्यांनी आईला एकच विचारलं.

"साकवावं आली न्हाईस ना?"

"एक पाय ठिवला हुता," आई म्हणाली. "मागं घेतला."

दादांनी मान हलवली आणि चुलीत लाकूड सारलं. त्यांना एवढंच हवं होतं. मोठं खाचर, बापाचे बांध, सगळं त्यांनी त्या एका पायासाठी दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पुढं मी पुष्कळ बोलणारी माणसं बघितली. पण बायकोसाठी एवढं करून त्याबद्दल एक शब्द न बोललेला माणूस मी एकच बघितला.

त्या वर्षी आमच्या घरात आंबेमोहोर शिजला. वाफ धरली की वास ओटीपर्यंत यायचा. आत्या पहिले काही दिवस "लई वास मारतोय" म्हणायची आणि दोनदा भात मागून घ्यायची. विठूनाना भेटले की म्हणायचे, "तुमच्या जाड्या भातानं माजं दात बळकट झालं." पुढच्या वर्षी दोन्ही घरांनी एकमेकांना बियाणं दिलं आणि दोन्हीकडं दोन्ही भात लागले. पण खरा फरक पडला तो आमच्या दिवसांत. चिखलणी धरून जी लावणी चार दिवस चालायची ती दोन दिवसांत व्हायला लागली. बैलांना वळसा नाही, पाणी ओसरायची वाट बघणं नाही. शेण गोठ्यातून काढलं की पाटीभर थेट खाचरात, त्यामुळं ते खाचर तीन-चार वर्षांत असं सुधारलं की आत्यालाही नाकारता येईना. डुकराचा नुसता घुरघुराट झाला तरी दादा अंथरुणातून डबा बडवायचे. आणि कापणीनंतर ओल असायची तिच्यावर आम्ही वाल टाकायला लागलो. आधी ते कधी जमलं नव्हतं, कारण मोकाट गुरांपासून पलीकडं राखण कोण करणार? आता आई दारात बसून राखायची. खडकाच्या कोपऱ्यात तिनं भोपळ्याचा वेल चढवला. लहान खाचर, पण मोठ्यापेक्षा जास्त देऊन गेलं. विठूनानांचंही तेच झालं. कागद मात्र दिवाळीनंतर व्हायचा तो दोन दिवाळ्यांनंतर झाला. दादा आणि विठूनाना भोरला गेले, कचेरीत दिवसभर बसले आणि कागद करून आले. तोवर त्या अदलाबदलीला आधार होता तो बेलभंडाऱ्याचा आणि त्या दोन पाट्यांतल्या भाकरींचा. आज माझे सासरचे पुतणे बांधाच्या वितीसाठी मोजणी मागवतात तेव्हा मला त्या पाट्या आठवतात. मी काही बोलत नाही, म्हातारीचं कोण ऐकतं.

आता एकच सांगायचं राहिलं. पुढच्या आषाढात लावणीचा दिवस आला. तसाच पाऊस, तशीच इरली. या वेळी आईही बांधावर होती, रोपं मोजून द्यायला. आम्ही जुड्या घेऊन निघालो, आत्या पुढं. आमच्या दारातून खाचर तीस पावलांवर. आत्या चालत राहिली. तीस पावलं संपली, खाचर मागं पडलं, आत्या ताठ मानेनं साकवाच्या वाटेला लागली आणि आम्ही सगळ्या तिच्या पावलांकडं बघत तिच्या मागं.

"वन्सं," आईनं बांधावरून हाक मारली, "हितं."

आत्या थांबली. पाठ आमच्याकडंच ठेवून तिनं ओढ्याकडं बघितलं, अगदी निरखून. मग वळून परत आली आणि म्हणाली, "पानी किती चडलंय ते बगाया गेलते." आम्ही सगळ्या पटापट चिखलात उतरून वाकलो, कारण आत्यापुढं हसायची कुणाची छाती नव्हती. आई मात्र बांधावर उभी राहून मोकळेपणानं हसली, वाकडा हात तोंडावर न्यायचंही विसरून. पावसाळ्यात आईला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि ओढा भरून वाहत असूनही ते मला स्पष्ट ऐकू आलं.